हळदीला यमक

सांगलीला यमकं मुबलक.
चांगली, पांगली, रांगली,
खुंटीला टोपी टांगली.
मिरजेचंही भागतं, गरज म्हणून.
तासगाव अडतं. तासगावला मी हात लावत नाही.

अठरा वर्षं मार्केट यार्डात
बेडग्यांच्या अडतीवर पट्ट्या लिहितो:
पोती, वजन, हमाली, तोलाई, कडता.
पट्टीच्या पाठीवर गाणी.
मिरजेचा गुलाब जमादार ती बँडवर वाजवतो,
गाण्यामागे पाचशे, बोलणी फुकट.

यंदा त्याला हळदीचं गाणं हवं होतं.
पहिली ओळ मीच देऊन बसलो, चहा पिता पिता:
‘आली मांडवाच्या दारी गं पिवळी हळद’
“झकास,” तो म्हणाला. “दुसरी गुरुवारपर्यंत.”

मग बसलो बाराखडी चाळत.
कळद. खळद. गळद.
छळद, त्यात छळ होता, पुढं काही नव्हतं.
मळद नावाचं गाव असेल कुठं,
पण तिथं आमची सोयरीक नाही.
वळद, शळद, सळद,
आणि फिरून हळद.
जिच्यासाठी स्थळ बघायला निघालो
तिच्याच उंबऱ्यात.

रात्री शब्द शोधणं म्हणजे
हरिपूरच्या पेवात उतरणं.
वडील उतरायचे.
आधी दोराला बांधून कंदील सोडायचा,
तो तगला तर माणूस.
विझला तर पेवाचं तोंड उघडं ठेवून
काठावर बसून राहायचं, दिवसभरसुद्धा.
एरवी माझ्याकडं यमकांचं पेव फुटतं.
बुधवारी रात्री कंदील तीनदा विझला.

सकाळी स्टँडवर पुण्याच्या गाडीला पाटी: जलद.
पळत दुकानात आलो, लिहून काढलं:
‘नवरदेवा, घोडं हाक जरा जलद’
फोनवर गुलाब हसला.
“दिवाणजी, हा ल आहे, तो ळ.
एकाला जीभ दातामागं टेकते,
दुसऱ्याला टाळूकडं उलटते.
बँडवाल्याला कान असतात.
आणि एका रात्रीत काय हो?
पी हळद, हो गोरी?”

पलीकडं रत्नाक्का मगदूम निवड करत होती.
गड्डे एका बाजूला, हळकुंडं एका बाजूला,
तुकडे चाळणीखाली.
तिनं सगळं ऐकलं होतं.
“हिला जोड न्हाई व्हय?”
“नाही अक्का. सापडत नाही.”
“मग ऱ्हाऊ दे की.
माझी उतरली त्याला बावीस वर्सं झाली.
तवाबी कुणी फुडची ओळ म्हटली न्हाई.”
मग दोन्ही हात पुढं केले,
नखांच्या मुळापर्यंत पिवळे.
“आन् ही बघा. पोत्यावर मजुरी.
रोज लागती.
साबणानं जात न्हाई.”
आणि परत खाली बघून निवडायला लागली.

त्या दिवशीच्या पट्टीत
मी कडता धरायला विसरलो.
बेडगे ओरडले.

संध्याकाळी गुलाबला दुसरी ओळ पाठवली,
शेवटचा शब्द रिकामा ठेवून.
तो वैतागला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, बघतो.

कवलापूरच्या एका वरातीत ऐकलं.
पहिली ओळ क्लॅरिनेटवर लांबत लांबत
हळदीपर्यंत गेली.
दुसरी निघाली, चढली,
आणि जिथं यमक पडायचं
तिथं सगळा बँड थांबला.
नुसती हलगीची एक थाप.
पोरं त्या थापेवरच उड्या मारत होती,
तेवढीच परत परत मागत होती.
एक म्हातारी ओठांतल्या ओठांत
काहीतरी म्हणत होती त्या जागी.
काय, ते हलगीत ऐकू आलं नाही.

गुलाबनं साडेचारशेच दिले.
म्हणाला, एका शब्दाचा कडता.